आडवा सत्यकेतू

सुभेदार सपकाळ नाटकाला यायचे ते कानांत कापूस घालून.

थंडी म्हणाल तर आमच्या सांगलीत एवढी थंडी पडत नाही, आणि पडलीच तर लोक मफलर गुंडाळतात. आवाज सोसत नसेल म्हणाल, तर हा गृहस्थ उभी उमर पलटणीच्या सिग्नल खात्यात, वायरलेसची खरखर कानाला लावून बसलेला. पण रीतसर तिकीट काढायचं, शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची पकडायची, खिशातून कापसाचे बोळे काढून दोन्ही कानांत दाबायचे आणि हाताची घडी घालून सबंध संगीत नाटक बघायचं, हा त्यांचा नेम. शेजारीपाजारी पदाला माना डोलवताहेत, वन्समोअर घेताहेत, आणि सुभेदार आपले समोर टक लावून बसलेत. पडदा पडला की बोळे खिशात आणि स्वारी रंगपटात हजर. मी तिथे तोंडावरचा रंग पुसत बसलेला असे.

"राजं," ते म्हणायचे, "दिसलं न्हाई."

"अहो सुभेदार, कानातला कापूस काढा. निदान ऐकू तरी येईल."

"ऐकू यायला काय हुतंय? ऐकू तर आंधळ्यालाबी येतंय. दिसलं पायजे, राजं. तुमचं तोंड तकडं लांब. तुमी रडतायसा का हसतायसा, मागच्या माणसाला पत्त्या न्हाई."

मी बँकेत कारकून होतो. 'राजे' ही पदवी मला आमच्या नाट्यमंडळाच्या 'संगीत सत्यकेतू' या नाटकामुळे चिकटलेली. गावातल्याच एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेलं, आमच्या मंडळाखेरीज दुसऱ्या कुणी कधी न केलेलं हे नाटक. त्यात मी राजा सत्यकेतू व्हायचो. लग्नाआधीपासून होत आलो होतो. आता चष्मा लागला होता, गुडघा दुखत होता, बँकेत दिवसभर आकडे लिहून मान अवघडून जायची, आणि संध्याकाळी पुन्हा तो जरीचा अंगरखा चढवायचा म्हटलं की जिवावर यायचं. खरं सांगायचं तर मला राजेपणाचा कंटाळा आला होता. पण मंडळाला दुसरा राजा मिळत नव्हता आणि मला 'नाही' म्हणता येत नव्हतं.

नाटकाचा सगळा जीव दुसऱ्या अंकातल्या एका स्वगतात होता. सत्यकेतू पुष्कळ दिवसांच्या लढाईहून घरी येतो. राणी पाठमोरी, दीपापाशी बसलेली. तो दारातून हाक मारतो तेव्हा ती आपल्याच विचारांत असते, वळत नाही. राजाला वाटतं, ही आपल्याला विसरली. तो उलट्या पावली अरण्यात निघून जातो आणि पुढचे तीन अंक रडारड होते. एक हाक जरा जोरात मारली असती तर ते तीन अंक वाचले असते, असं मला दर प्रयोगाला वाटायचं. पण मास्तरांनी तसं लिहिलं नव्हतं.

सुभेदार मूळचे मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीतले. पलटणीतून सुटल्यावर मिरजेच्या एका दवाखान्यात लागले होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं ते तिथल्या मोठ्या डॉक्टरांना आवडलं असेल असं वाटत नाही. तिथले दिवे, पंखे, लाउडस्पीकर यांची देखभाल त्यांच्याकडे होती. आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे आणि रोज बसने मिरजेला जायचे. बायको हौसाबाई गावाकडे शेतात. सुगी आटोपली की थोडे दिवस यायच्या आणि परत जायच्या. गल्लीत त्यांच्याविषयी बरं मत नव्हतं. "बाई भारी ताठ्याची आहे," माझी बायको मालती म्हणायची. "नळावर मागून दोनदा हाक मारली, ढुंकून बघितलं नाही. सुभेदारीण असेल तर आपल्या घरची." एकदा सुभेदार त्यांना नाटकाला घेऊन आले होते, तर बाई मध्यंतरातच उठून गेल्या. आमच्या नाटकाला नाक मुरडलं म्हणून तीही गोष्ट मंडळात नोंद झाली. सुभेदारांचा कापूस सुरू झाला तो त्यानंतर, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. हा माणूस कुणालाही मागून हाक मारत नसे. तुम्ही रस्त्याने पुढे चालला असाल आणि त्यांना तुमच्याशी काम असेल, तर ते पळत तुमच्या पुढे जाणार, वळणार, तुमच्या समोर उभे राहणार, दम खाणार, आणि मग बोलणार. तेही तुमचे दोन्ही खांदे धरून, तुमचं तोंड उजेडाकडे करून. एकदा गणपती पेठेत एक मोकाट बैल माझ्या मागून येत होता. सुभेदार पाठीमागच्या चहाच्या दुकानात बसले होते. तिथून "ओ राजे, बैल!" म्हणाले असते तर काम झालं असतं. पण ते उठले, बैलाला मागे टाकून, मलाही मागे टाकून, पुढे येऊन उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "राजं, मागनं बैल येतोय." तोवर बैल आला होता. माझं धोतर वाचलं नाही.

तर हे सुभेदार एका रविवारी सकाळी माझ्या घरी आले, मला खिडकीपाशी नेलं आणि म्हणाले, "राजं, आता दिसणार. तुमचं सोगत आमी टीव्हीवर घेतो."

त्या काळी टेलिव्हिजन मुंबईला होता, पुण्याला होता. आमच्याकडे त्याचे फोटो होते. पण या दवाखान्याला कुणा परदेशी हितचिंतकाने एक कॅमेरा आणि चार टीव्ही दिले होते. ऑपरेशनच्या खोलीत कॅमेरा आणि लेक्चर हॉलमध्ये टीव्ही. डॉक्टर तिकडे पोट उघडणार आणि डॉक्टरकीची पोरं इकडे बाकावर बसून आतलं सगळं बघणार, अशी सोय. सुभेदार या यंत्राचे सर्वाधिकारी. दवाखान्याच्या वार्षिक संमेलनात सत्यकेतूचं स्वगत या कॅमेऱ्यातून दाखवायचं, असं त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या गळी उतरवलं होतं. रविवारी दुपारी ठरलेली ऑपरेशनं नसतात, खोली रिकामीच असते.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष तात्या गोरे, रिटायर्ड हेडमास्तर. 'संगीत सत्यकेतू' त्यांना पहिल्या नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पाठ. अनुस्वार चुकला तरी विंगेतून 'अं' असा हुंकार यायचा. त्यांनी आधी साफ नकार दिला. मग वर्षभरात एकही प्रयोग लागलेला नाही हे आठवलं आणि "काळाबरोबर चाललं पाहिजे" म्हणून कबूल झाले. काळ आपल्याला कुठे नेणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिली तालीम सुभेदारांच्या खोलीत झाली. मी सुरू केलं, "हे निष्ठुर कपाटांनो! या हतभाग्य नृपतीचा आर्त स्वर तुम्हांस..."

"थांबा," सुभेदार म्हणाले. "कपाटं कशाला आली?"

"कपाट म्हणजे दाराची फळी," तात्या म्हणाले. "संस्कृत आहे."

"मग दार म्हणा की. हे असलं तोंडावर वाचता येत न्हाई. नृपती म्हंताना व्हट कुटं ग्येलं आन आलं कुटं, काय कळंना. साधं बोला. 'मी दारात आलो. तुला हाक मारली. तू वळली न्हाईस.' बास."

"सुभेदार, हे वाङ्मय आहे. हा काही तारेचा मजकूर नाही."

"तारंचा मजकूर पोचतो, तात्या. तुमचं वाङ्मय मागच्या रांगंला पोचत न्हाई."

त्या दिवशी तात्या उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. असं बऱ्याचदा झालं. एकेक शब्दावर लढाई. मी दिवसभराच्या कामाने पिचलेला, भिंतीला टेकून बसायचो, कोण जिंकेल ते म्हणायला तयार. सर्वांत मोठं रण माजलं ते राणीवरून. मूळ स्वगतात राणी 'दीपासन्निध' बसलेली. सुभेदार म्हणाले, दिवा नको, चूल घ्या. राणी भाकरी थापत बसलीय असं म्हणा.

"राणी?" तात्यांचा आवाज चिरकला. "सत्यकेतूची पट्टराणी भाकरी थापते?"

"का? राजाच्या घरात भुका लागत न्हाईत काय?"

"स्वयंपाकाला दासी असतात!"

"राजा इतकी वर्सं लडाईवर. दासीला कोण पोसतंय?"

तात्या पुन्हा उठून गेले, पुन्हा परत आले. चूल आली, भाकरी आली. शेवटी स्वगतात मास्तरांचं उरलं काय, तर सत्यकेतूचं नाव. तेही एकदाच.

मग मिशी. माझी मिशी खरी होती, जाड होती आणि कॉलेजपासूनची होती. सुभेदारांनी एक दिवस मला उजेडात धरलं, बराच वेळ तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "राजं, ही काढायची."

"मिशी?"

"वरचा व्हट झाकतीया."

"सुभेदार, बिनमिशीचा राजा कुणी बघितलाय का?"

"आता बगतील."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी इतका दमलेला असायचो की वाद घालण्यापेक्षा मिशी देणं सोपं वाटलं. रविवारी घाई नको म्हणून शनिवारी सकाळीच उतरवली आणि बँकेत गेलो. दारातला शिपाई मला बघून उभा राहिला, टोपी काढली आणि खाली मान घातली. कॅशियरने काउंटर सोडून येऊन माझा हात दाबला. "कधी झालं?" साहेबांनी आत बोलावलं आणि आपण सगळेच त्या वाटेचे प्रवासी वगैरे सांगितलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दुपार झाली. आमच्याकडे बाप्या माणूस मिशी उतरवतो ती वडील गेल्यावर. मी घाबऱ्याघाबऱ्या सगळ्यांना सांगत सुटलो, अहो, वडील खुशाल आहेत, लोणंदला आहेत. त्यावर लोक आणखीच हळवे झाले. धक्का बसलाय, म्हणाले. तेवढ्यात, बोलाफुलाला गाठ म्हणावी तशी, नातवंडांना बघायला म्हणून खुद्द वडीलच सांगलीला आले आणि स्टँडवरून सरळ बँकेत. शिपायाने भुताकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. वडिलांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांचा हात कपाळाला गेला, आणि ते म्हणाले, "कोण गेलं रे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. नाटक आहे." ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही मिरजेला पोचलो. त्या सकाळी हौसाबाई गावाहून आल्या होत्या. सुभेदारांनी त्यांना लेक्चर हॉलमध्ये बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसवलं आणि चारांपैकी एक टीव्ही उचलून त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर आणून ठेवला. बायकोपुढे जरा ऐट करताहेत, असं आम्हाला वाटलं. नवऱ्याने केलेलं नवल बायकोने जवळून बघावं, त्यात गैर काय?

मी अंगरखा, मुकुट, तलवार असा पूर्ण सजून ऑपरेशनच्या खोलीत गेलो आणि कॅमेरा शोधू लागलो. समोर नव्हता. डावीउजवीकडे नव्हता. सुभेदारांनी वर बोट केलं. टेबलावरच्या त्या मोठ्या दिव्याशेजारी, सरळ खाली तोंड करून, कॅमेरा छताला घट्ट बसवलेला होता.

"हा फिरत नाही?"

"पेशंट फिरतोय व्हय?" सुभेदार म्हणाले. "राजं, आडवं व्हा."

तात्या मटकन स्टुलावर बसले. "आडवा?" ते म्हणाले. "सत्यकेतू आडवा? अहो, रंगभूमीवर आडवा होतो तो मेलेला!"

खरं तर एवढ्या आठवड्यांत आम्हां दोघांपैकी एकालाही कॅमेरा कुठे आहे हे विचारायचं सुचलं नव्हतं. बांधलेल्या रंगमंचावर उभे राहून आमचा जन्म गेलेला. नट आडवा करायचा असतो हे कुणाच्या मनात येणार?

तेवढ्यात सिस्टर सालोमी आल्या. ऑपरेशनची खोली त्यांच्या ताब्यात. त्यांनी माझ्या जोड्यांकडे बघितलं आणि मी ते काढले. तलवारीकडे बघितलं, ती बाहेर गेली. मग मुकुटाकडे बोट करून म्हणाल्या, "हा उकळून आणा."

"बाई, पुठ्ठ्याचा आहे."

"मग स्पिरिटनं पुसा."

स्पिरिटने सोनेरी रंग निघून आला आणि खालची साबणाच्या खोक्याची अक्षरं दिसू लागली. आडवं झालं की मुकुट घरंगळायचा, म्हणून सिस्टरनीच दया येऊन तो चिकटपट्टीने कपाळाला चिकटवला. दिवा लागला. पाठीला थंडगार टेबल, डोळ्यांवर तो प्रचंड उजेड. मला एकदम वाटलं, इथेच डोळे मिटून पडावं, कुणी उठवू नये. सुभेदार माझ्यावर वाकले. "राजं, सावकास बोला. व्हट उगडून बोला. बाकी कायबी चुकू द्या." ते खाली हॉलमध्ये गेले. मग भिंतीवरचा फोन वाजला, सिस्टरनी घेतला आणि मला म्हणाल्या, "चालू करा."

हॉलमध्ये काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. ते मागाहून कळलं. पडद्यावर दिव्याखाली पडलेला, कपाळाला पट्टी लावलेला बिनमिशीचा माणूस दिसताच पोरांनी रोगांची नावं ओरडायला सुरुवात केली. ॲपेंडिक्स! कावीळ! कुणा पेशंटच्या नातेवाईक म्हातारीने हात जोडले आणि "लेकरू वाचू दे" म्हणाली. एवढ्यात आवाज गेला. कुठली तरी तार निखळली होती. चारी टीव्हींवर मी मुकाट्याने तोंड हलवत होतो. "आवाज! आवाज!" म्हणून शिट्ट्या सुरू झाल्या. सिग्नल खात्यात हयात घालवलेला माणूस, पण सुभेदार तारेकडे गेलेच नाहीत. ते पुढच्या टीव्हीपाशी, बायकोशेजारी उभे होते ते उभेच राहिले. शेवटी तात्यांना राहवलं नाही. ते व्यासपीठावर चढले आणि माझ्या ओठांच्या जागी स्वतः खड्या आवाजात स्वगत म्हणू लागले. तेही मूळचं, कपाटांसकट. माझे ओठ साधं बोलत होते, तात्या संस्कृत. मी संपवून गप्प पडलो तरी तात्यांचा नृपती दारातच होता. हॉल हसून हसून लोटपोट झाला, पोरं उठून टीव्हींच्या पुढ्यात आली, आणि मोठ्या डॉक्टरांनी उठून चहा-चिवड्याची सुट्टी जाहीर केली.

मला यातलं काही ठाऊक नाही. मी पडलोय. फोन वाजला. सिस्टरनी तो माझ्या कानाला लावला.

"राजं, परत येकदा. पयल्यापास्नं."

"का? काय झालं?"

"आवाज ग्येला."

"मग आता आला का?"

"आवाजाचं जाऊ द्या. तुमी बोला."

मला संताप आला. नंतर संतापायचाही कंटाळा आला. हातवारे आडव्याने होत नव्हते, सूर लावायला छाती भरत नव्हती. मी सत्यकेतू सोडून दिला. कामावरून घरी आलेला दमला-भागला माणूस बोलेल तसं त्या कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत सावकाश बोललो. "मी आलो होतो. तू चुलीपाशी होतीस, पाठमोरी. भाकरी थापत होतीस. मी दारातून हाक मारली. तू वळली नाहीस. मला वाटलं, तू रागावलीस. मी घरात आलो नाही. परत फिरलो." एवढंच. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं आणि आडवा असल्यामुळे कानांत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वगत मला कुणाचं तरी खरं वाटलं.

फोन पुन्हा वाजला नाही. मी उतरलो, अनवाणीच जिना उतरून हॉलच्या दाराशी आलो. आत खुर्च्या सगळ्या रिकाम्या. व्हरांड्यातून चिवड्याचा आणि तात्यांचा आवाज येत होता. पुढच्या टीव्हीवर रिकामं टेबल दिसत होतं, त्याच्यासमोर हौसाबाई बसल्या होत्या आणि सुभेदार उभे होते. मी दुसऱ्यांदा जे बोललो ते या एका बाईसाठी.

हौसाबाई नवऱ्याकडे वळून बोलल्या. मी त्यांचा आवाज तेव्हा प्रथमच ऐकला. उंच, सपाट, चढउतार नसलेला. स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही त्याचा होतो तसा.

"तुमी हाक मारली हुती व्हय?"

सुभेदारांनी मान हलवली.

"तवा दुपारची यष्टी लवकर आली हुती. आन तुमी दिवस बुडताना घरात आलासा. मी किती डाव इचारलं, तवर कुटं हुतासा. बोलला न्हाईसा." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "मी वळले न्हाई म्हून ग्येलासा?"

सुभेदारांनी पुन्हा मान हलवली. मग ते त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले, तोंड उजेडाकडे केलं आणि नुसते ओठ हलवून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. हौसाबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, धूळ बसलेल्या पोराचं पुसावं तसं. मी मागे सरलो आणि मुकुट काढायला गेलो. चिकटपट्टीबरोबर भुवईचे केसही आले.

संध्याकाळच्या बसमध्ये तात्या आमच्याशी अबोला धरून पुढे जाऊन बसले. हौसाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मागच्या बाकावर सुभेदार माझ्याशेजारी, आणि ते आपणहून बोलू लागले, माझे खांदे न धरता.

ते सीमेवर असताना वाडीत तापाची साथ आली. हौसाबाई वाचल्या, पण ऐकणं गेलं ते गेलंच. सुभेदारांना कुणी कळवलं नाही, पलटणीतल्या माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून. पुष्कळ दिवसांनी रजा मिळाली. "दारातनं हाक मारली, राजं. वळंना. परत मारली. मला वाटलं, येवढं दिस आलो न्हाई, पैसं धाडलं की झालं असं वागलो, म्हून रागानं बोलंना. मलाबी राग आला. देवळात जाऊन बसलो. परतीची यष्टी धरणार हुतो. गुरवानं इचारलं, काय रं, बायकूचं कळलं का? तवा कळलं." बस एका वळणावर हिंदकळली. त्यांनी समोरच्या बाकाची दांडी धरली. "रोजच्या बोलण्याला तिला माझं तोंड कळतं. पर ही गोष्ट सांगायला तोंड उगडंना. उभी हयात लोकांचं निरोप पोचवलं. आपला येक पोचवता आला न्हाई. मग हितं तुमच्या नाटकाला आनली तिला. तुमचा राजाबी तसाच माघारी फिरला, तवा मनात आलं, हा माझ्यावतीनं बोलंल. पर मागं बसून तिला कायच कळंना. उठून ग्येली. म्हून कापूस घालून बगत हुतो, हितवर काय पोचतंय."

मला मालती आठवली, नळावरची. आमची सगळी गल्ली आठवली. मागून हाका मारायच्या आणि वळली नाही की ताठा म्हणायचं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर त्या दमलेल्या देहात कुठेतरी बरंही वाटलं. इतकी वर्षं राजा होऊन एका माणसाचं तरी काम झालं होतं.

विश्रामबाग मागे पडलं. हौसाबाईंचा डोळा लागला होता, डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं. सुभेदार उठले. त्यांनी मागून हाक मारली नाही, मागून हातही लावला नाही. तेवढ्या गर्दीतून वाट काढत पुढे गेले, त्यांच्या समोर उभे राहिले आणि खांद्यावर हळूच हात ठेवला. त्या जाग्या झाल्या, समोर तोंड दिसलं, आणि हसल्या.

उतरताना मी सवयीने विचारलं, "काय सुभेदार, कसं झालं?"

ते आधी पुढे झाले, वळले, माझ्या समोर उभे राहिले.

"दिसलं, राजं," ते म्हणाले.